व्हॅनमधला रेडिओ खाटेपाशी

नवऱ्याला बोलतं करायला मी व्हॅनमधला रेडिओ घरात आणला, असं सांगितलं की लोक हसतात. हसू देत. सहा महिने ज्या घरात नवऱ्याच्या तोंडून शब्द फुटलेला नसतो, त्या घरातली बाई काय काय करून पाहते ते त्यांना ठाऊक नाही.

उंद्रीच्या शिवारात आमचं शेत आणि शेतातच घर. वांगी, मिरची, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. माल न्यायला एक जुनी व्हॅन, मागच्या सीटा काढून क्रेट मांडण्यापुरती जागा केलेली. हे चालवायचे, मी शेजारी बसायची, आणि निघाल्यापासून रेडिओ सुरू. शेतीच्या कार्यक्रमात कोणी साहेब काही सांगू लागले की ह्यांच्या तोंडाचा पट्टा सुटायचा. "तुह्या बापानं लावली होती का बे वांगी?" असं त्या रेडिओलाच विचारायचे. मला लाज वाटायची. बाजूनं दुसरी गाडी गेली की मी काच वर करायची.

पोळ्यानंतर ह्यांना लकवा मारला. उजवा हात गेला, पाय गेला, बोलणं गेलं. हातात थोडी हालचाल परत आली, बाकी काही नाही. डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं समजतं, फक्त शब्द तोंडापर्यंत येत नाहीत. बोलायला लावा. जितका उशीर होईल तितकं अवघड होत जाईल.

ते शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलं. रोज सकाळी मी पाण्याचा गिलास घेऊन खाटेवर बसायची. "हे काय आहे? म्हणा, पाणी. पा-णी." हे माझ्याकडे बघायचे, मग भिंतीकडे. ज्या माणसानं तीस वर्षं मला एक वाक्य धड पुरं करू दिलं नाही, त्याला मी पाणी म्हणायला शिकवत होते. रडू यायचं आणि रडू आलं की मला राग येतो. मग चुलीपाशी जाऊन भांडी आपटायची. माझा स्वभावच तसा, आता या वयात कुठं बदलणार.

एकदा बुलढाण्याहून तपासणी करून परत येत होतो. दीर गाडी चालवत होते, हे त्यांच्या शेजारी, मी मागे उलट्या क्रेटवर. चिखली मागे पडली तेव्हा रेडिओवर शेतीचा कार्यक्रम लागला. साहेब अगदी गोड आवाजात म्हणाले की शेतकरी बांधवांनी रोज सकाळी आपल्या शेतात एक चक्कर मारावी. आणि पुढच्या सीटवरून आवाज आला, "हॅट्."

दिरांनी गाडी बाजूला घेतली. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. शब्द कसला, नुसता हुंकारच म्हणा, पण आवाज ह्यांचा होता आणि त्यातला तोरा तर शंभर टक्के ह्यांचाच होता.

तेव्हापासून रोज संध्याकाळी दीर आणि मी मिळून ह्यांना उचलून व्हॅनमध्ये बसवायला लागलो. रेडिओ लावायचा, समोर वांग्याचं वावर पाहत बसायचं. कधी "हॅट्" निघायचं, कधी "हं". पण धिप्पाड माणूस, उचलता उचलता नाकी नऊ यायचे. पंधरा दिवसांत दिरांची कंबर धरली. "वहिनी, माह्याच्यानं आता उचलनं होत नाही," म्हणाले, आणि त्या बिचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

घरात साधा रेडिओ आणून पाहिला. आमच्या टिनाच्या छपराखाली तो नुसता खरखरायचा. मोबाइलचं म्हणाल तर रेंज शेताच्या कडेला धुऱ्यावर, घरात नाही. व्हॅनची एरियल लांब आहे, तिला स्टेशन स्वच्छ लागतं. मग मी ठरवलं, ह्यांना रेडिओकडे नेता येत नाही तर रेडिओच ह्यांच्याकडे आणायचा. चिखलीच्या दुकानातून बिनवायरचा स्पीकर आणला. व्हॅनच्या सेटला ब्लूटूथ होतं, स्पीकरलाही होतं. सोपं काम, असं मला वाटलं.

अख्खी दुपार मी आणि दीर बटणं दाबत बसलो. मोबाइल व्हॅनला जोडला जाई, मोबाइल स्पीकरला जोडला जाई, पण व्हॅन आणि स्पीकर काही एकमेकांना ओळख देईनात. शेवटी दीर व्हॅन घेऊन चिखलीला गेले, मीही गेले. गाड्यांची वायरिंग करणाऱ्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काकू, हे दोन्ही निस्ते आवाज घेनारे हायेत. देनारं यंत्र मधात लावा लागते." त्यानं सेट बाहेर ओढला, त्याच्या मागच्या लाल-पांढऱ्या पिनांना काडेपेटीएवढी एक डबी जोडली आणि त्या डबीची स्पीकरशी गाठ घालून दिली. काम तेवढंच. निघताना बजावलं, "गाडी बंद ठेवून तासाभराच्या वर वाजवू नका, बॅटरी उतरन."

दिरांनी व्हॅन अगदी खिडकीला लावून उभी केली. मला गाडी चालवता येत नाही, पण चावी फिरवता येते. फिरवली आणि घरात धावले. खाटेच्या उशाशी रेडिओ बोलत होता, अगदी स्वच्छ. ह्यांनी स्पीकरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी खाटेवर जवळ बसले आणि ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

काही नाही. दुसऱ्या दिवशी नाही, चौथ्या दिवशी नाही. साहेब बोलून बोलून थकले, पण ह्यांनी साधं हं म्हटलं नाही. मी रोज तशीच बसायची. "म्हणा न, हॅट् म्हणा. त्या दिवशी म्हटलं होतं न?" ह्यांच्या ओठांवरून माझी नजर हलायची नाही. मग हे डोळे मिटून घ्यायचे.

आठव्या दिवशी माझं डोकं फिरलं. इतकी धावपळ कोणासाठी करते मी? "नका बोलू," मी म्हटलं. "मीबी नाही बोलत आता." आजारी माणसाला असं बोलू नये हे कळत होतं, तरी बोलले. तशीच उठून बाहेर गेले, व्हॅनमध्ये चालवायच्या जागेवर बसले आणि चावी फिरवून रेडिओ बंद केला.

खिडकीतून आवाज आला, "काऊन?"

मला वाटलं, दीरच का म्हणून विचारतायत. पण दीर दूर मिरचीला पाणी देताना समोर दिसत होते. आत थोडी धडपड झाली आणि परत आवाज आला, ओढून ताणून काढलेला. "काऊन... बंद?"

धावत आत जावं, ह्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरावा असं झालं. पण तेव्हाच मला लख्ख कळलं की हे का बोलत नव्हते. व्हॅनमध्ये ह्यांच्या तोंडाकडे कोणी बघत नसे, सगळे समोर बघत. घरात मी परीक्षा घेणाऱ्या मास्तरणीसारखी समोर बसत होते, आणि ज्याला बोलता येत नाही त्याला रोज नापास करत होते. माझीच मला लाज वाटली.

मी जागची उठले नाही. वांग्याच्या वावराकडे पाहत, तीस वर्षं जशी बोलत आले तशीच खेकसले, "बॅटरी उतरते न!"

मग आतून एकेक अक्षर आलं, "उत... रू... दे."

मी चावी फिरवली. साहेब परत बोलायला लागले. पदर तोंडात कोंबून मी रडले, आवाज आत जाऊ दिला नाही. बॅटरी पार उतरेपर्यंत मी व्हॅनमध्येच बसून होते, आणि खिडकीतून जे काही येई त्याला समोर बघतच उत्तर देत होते.