युकारीचा आवाज

नोबुएचा आवाज योकोहामातल्या निम्म्या पुरुषांनी ऐकला होता, पण तिचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं. त्या काळच्या चावट सिनेमांत चित्रीकरणाच्या वेळी आवाज घेतच नसत, तेवढीच काटकसर. नट्यांनी नुसते ओठ हलवायचे आणि मग एका बंद खोलीत दिवसभर बसून सगळा सिनेमा बोलून काढायचा. युकारी नावाची नटी दिसायला चंद्राचा तुकडा, पण तोंड उघडलं की उत्तरेकडच्या कोळीवाड्याचा हेल. म्हणून तिच्यासाठी नोबुए बोलायची. उसासे, हुंदके, कण्हणं, सगळं अंगात स्वेटर आणि पायात लोकरी मोजे घालून. तेच वाक्य दुसऱ्यांदा म्हणायची वेळ तिच्यावर कधी आली नाही.

घरी तिने सांगितलं होतं, रेडिओच्या जाहिराती वाचते. नवरा सेइकिची लेथवर काम करणारा, घुम्या. "हं," म्हणाला आणि जेवत राहिला.

एकदा कपडे धुताना त्याच्या विजारीच्या खिशात तिकिटाचा तुकडा सापडला. युकारीचाच सिनेमा. नवरा असलं काही बघतो याचं तिला वाईट वाटलं नाही. कोण बघत नव्हतं? लागलं ते वेगळंच. जेवताना ती वाट बघत राहिली, आता बोलेल, निदान गालात हसेल. सेइकिचीने सूप संपवलं आणि मुळ्याचं लोणचं मागितलं. जिच्याशी इतकी वर्षं संसार केला, तिचा आवाज माणसाला ओळखू येऊ नये? तेव्हापासून तो दारात "आलो" म्हणाला की आतून उत्तर जाईना. पुढे त्यानेही म्हणणं सोडलं. एका छताखाली दोन भाडेकरू राहावेत तसे ते म्हातारे झाले, आणि मागच्या हिवाळ्यात सेइकिची गेला.

वसंतात, ज्याचं तिकीट खिशात सापडलं होतं ते थिएटर कायमचं बंद होणार असं कळलं. शेवटच्या आठवड्यात युकारीचा जुना सिनेमा लागला होता. नोबुए दुपारच्या खेळाला निघाली. त्याने आपल्याला कधी ओळखलं होतं का, हा काटा अजून सलत होता. उत्तर द्यायला आता तोही नव्हता.

तिकिटाच्या खिडकीत किमिए नावाची पिकल्या केसांची बाई होती. "आजी, वाट चुकला नाहीत ना? देऊळ पलीकडच्या गल्लीत!"

"माझे यजमान येत असत इथं. उंच, डाव्या हाताचं एक बोट अर्धं."

"अगं बाई, खांबामागचे! तुम्ही त्यांच्या मंडळी?" किमिए खुलली. "तिथून पडदा धड दिसत नाही, पण हे बसणार तिथंच, तेही डोळे मिटून. युकारीचा सिनेमा फिरून फिरून लागायचा, आणि दर वेळी हे हजर. मी म्हणायचे, अहो, झोपायला घर नाही का? तर म्हणतात कसे, बायकोचा आवाज ऐकायला येतो, घरी ती बोलत नाही." ती खळखळून हसली. "एकेक थापा तरी!"

नोबुएने तिकीट घेतलं.

ती खांबामागे जाऊन बसली. सिनेमात कोळी समुद्रावरून घरी येतो आणि चुलीपुढची युकारी वळून म्हणते, "आलात? पाय धुऊन घ्या, भात गरम आहे." नोबुएने डोळे मिटले. इतका मायेचा आवाज आपला होता? आणि तो आपण ज्याच्या हक्काचा त्यालाच तिकीट काढून ऐकायला लावला. तिला स्वतःची लाज वाटली. मग त्याचाही राग आला. मेल्याने एकदा तरी सांगायचं होतं! शेजारच्या खुर्च्या रिकाम्या होत्या, म्हणून ती पोटभर रडली.

घरी येऊन तिने भात लावला. वाफाळती वाटी देव्हाऱ्यात त्याच्या फोटोपुढे ठेवली.

"आलात?" म्हणाली, आणि तिथंच अडली. पुन्हा म्हणून पाहिलं, तरी शब्द अर्ध्यावरच राहिले. तिसऱ्यांदा मात्र सगळं नीट म्हणता आलं. "आलात? पाय धुऊन घ्या, भात गरम आहे."

तोवर भात निवला होता.