मदत न मिळालेला वेल्डर

वेल्डरच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. कारखाना बंद पडल्यावर त्याने बेकारांना काम मिळवून देणाऱ्या सरकारी योजनेत नाव घातलं. तिथे मदत कोणाला द्यायची याची निघाली सोडत. शेजारच्या फिटरचं नशीब फळफळलं. त्याला प्रशिक्षण, मालकांच्या भेटी, सगळं काही. आणि आमच्या वेल्डरला काय? तर योजनेच्या पाहणीवरची एक बाई! दर महिन्याला यायच्या, पंख्याखालच्या खुर्चीवर बसायच्या नि विचारायच्या, "या आठवड्यात काम शोधलंत का?"

"विचारताय काय नुसतं? यांचं बघा ना कुठेतरी," त्याची बायको म्हणाली.

"नाही हो वहिनी. योजनेतल्या लोकांना खरंच जास्त कामं मिळतात का, ते काहीच न मिळालेल्यांशी ताडून बघायचंय. मी मदत केली तर सगळंच फिसकटेल."

"म्हणजे मला काही द्यायचं नाही, म्हणून तुम्ही येता?" वेल्डरने विचारलं.

बाईंनी होकारार्थी मान हलवली. आता बोला!

शोधलंत का, याला पहिल्यांदा त्याने खाली मान घालून "नाही" म्हटलं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडणारा माणूस, दुसरं काय म्हणणार? बाई रागावल्या नाहीत, समजावलं नाही, पाणी पिऊन गेल्या. ते त्याला फार लागलं. पुढच्या खेपेआधी त्याने दाढी केली आणि चार वर्कशॉप पालथी घातली. कशाला? तर बाईंसमोर ताठ मानेने "हो" म्हणता यावं, एवढ्याचसाठी. मग अंगवळणीच पडलं. शेवटी लोखंडी फाटकं करणाऱ्या एकाने त्याच्याकडून सांधा मारून घेतला, बोट फिरवून पाहिला आणि त्याला कामावर ठेवून घेतलं.

बाई शेवटच्या भेटीला आल्या. "काम मिळायला कोणाची मदत झाली?"

"तुमची."

"अहो, असं कसं? मी काय केलं?"

"तेच तर कळत नाही. पण तुम्ही येणार म्हणून मी उठलो, हे खरं."

बाईंचं पेन हवेतच राहिलं. "त्या फिटरलाही काम मिळालं, तुम्हालाही मिळालं. असंच सगळीकडे दिसलं तर योजना बिनकामाची ठरेल."

"अरे देवा! म्हणजे काम मिळवून मी चूक केली?"

बाईंना हसावं की रडावं कळेना. त्यांनी लिहिलं, 'कोणाचीही नाही'. पिशवी भरता भरता म्हणाल्या, "चला, पाहणी संपली. माझी नोकरीही आजच संपली."

वेल्डर पुन्हा गोंधळला. जी बाई सगळ्यांच्या कामाची चौकशी करते, तिलाच काम नाही? बायकोने चहा पुढे केला. इतके महिने नुसत्या पाण्यावर उठणाऱ्या बाई आज कप घेऊन बसल्या.

वेल्डरने घसा साफ केला. "या आठवड्यात काम शोधलंत का?"

बाईंनी मान खाली घातली. "नाही."

तो रागावला नाही, समजावलं नाही. त्यांचा चहा संपेपर्यंत थांबला आणि म्हणाला, "पत्ता सांगून ठेवा. पुढच्या महिन्यात येतो मी विचारायला."