पुस्तकातल्या बाईचं हळदीकुंकू

मी कादंबरी मोठ्यानं वाचली, आणि त्यातल्या बाईचं बोलणं बाईच्या आवाजात वाचलं. चूक एवढीच.

बायको जाऊन तेव्हा बरेच महिने झाले होते. मला रडू आलं नव्हतं. तेराव्यालाही नाही, पंगतीत वरण आणा म्हणून मीच ओरडत होतो. लोक म्हणाले, धीराचा माणूस आहे. धीर कसला! दाढेला इंजेक्शन दिल्यावर गाल दुसऱ्याच कुणाचा तरी वाटतो, तसं चाललं होतं. भूक लागली की जेवायचं, लाइट गेली की बसून राहायचं.

कळमनुरीच्या वाचनालयातून सगळ्यात जाड पुस्तक आणलं. जाड असलं की लवकर परत करावं लागत नाही, आणि तिथल्या माणसाच्या 'आता तब्येत बराबर आहे ना?' याला सारखं उत्तरही द्यावं लागत नाही. निघाली एका एकट्या माणसाची गोष्ट. आईला स्मशानात पोचवून तो घरी येतो आणि दूध उतू जाऊ नये म्हणून गॅसपाशी उभा राहतो. त्यालाही रडू येत नाही. ते पान मी परत परत वाचलं. आपल्यासारखा दगड आणखी एक आहे, आणि तोही छापील, म्हटल्यावर बरं वाटलं. बरं म्हणजे काय, तर त्या दिवशी भाजीत मीठ नाही हे कळलं.

मग मोठ्यानं वाचायला लागलो. तेवढाच घरात आवाज. गोष्टीतल्या त्या माणसाच्या वरच्या मजल्यावर एक बाई राहते. तो जिन्यात टेकला की म्हणते, 'बसा की अजून थोडं.' हे वाक्य मी आवाज बारीक करून, गोड काढायचो. जमेपर्यंत दोन-तीनदा.

भिंतीपलीकडे वहिनी राहतात, बायकोची जिवाची मैत्रीण. त्यांनी आधी ताक पाठवणं बंद केलं, मग माझ्या नमस्काराला मान हलवणं. मी समजलो, म्हैस आटली असेल. मान कशानं आटली, हा विचार केला नाही.

संक्रांतीनंतर एका दुपारी त्या आल्या आणि उंबऱ्याबाहेरच थांबल्या. म्हणाल्या, "हळदीकुंकू हाय भाऊजी. तुमच्या नव्या मंडळीला पाठवून द्या."

कोणती मंडळी, मी विचारलं.

"जी तुमाला अजून थोडं बसवून घेते, ती."

मला हसू आलं नाही, लाजही वाटली नाही. एवढंच वाटलं, की आता वाचणं बंद होणार आणि घर परत गप्प होणार. पुस्तक आणून मी ते पान काढलं आणि दारातच वाचून दाखवलं, दोन्ही आवाजांत. वहिनी पदर तोंडाला लावून ऐकत राहिल्या. हसून राहिल्यात, असं मी धरून चाललो, म्हणून गोड वाक्य आणखी एकदा काढलं.

त्यांनी पदर खाली घेतला.

"ती होती तवा तुमी घरात एवढं बोलले असते, तर रोज माझ्या ओट्यावर येऊन काहून बसली असती ती?"