उतारमास्तरांचा नारळ

जन्मात कधी स्लेडवर न बसलेला हा माणूस कॅनडातल्या वॉटर्लूच्या यच्चयावत मराठी मंडळींना बर्फात घसरायचं कुठे, ते शिकवत असे. आम्ही त्यांना उतारमास्तर म्हणत असू, अर्थात पाठीमागे. पहिला बर्फ पडला की हे गृहस्थ गाडी काढून गावातली एकेक टेकडी पाहून येत, लग्नाच्या मुली पाहाव्यात तशी, आणि प्रत्येकीत खोट काढत.

"वहिनी, ती शाळेमागची विसरा. खाली थांबायला जागाच नाही, मुलं थेट कुंपणात. आणि पार्किंग? नावाला नाही!" पार्किंगवर त्यांचा विशेष जीव. शेवटी जी पसंत पडे, ती टेकडी कसली! ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने उपसून आमच्या दारात साठलेला ढीग तिच्याहून उंच असे. तरी माझा नवरा "त्यांचा अभ्यास आहे" म्हणत गाडी तिकडेच वळवी. कसला डोंबलाचा अभ्यास! आठवडाभर ऑफिसात सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारा माणूस रविवारी टेकड्यांमधल्या शोधायचा, एवढंच.

त्या वर्षी आम्ही पुण्याहून नवे आलो होतो. रेवा तिसरीत. मधल्या सुट्टीत ती एकटीच भिंतीला टेकून उभी असते, असं तिच्या बाईंनी मला सांगितलं होतं. वर्गातल्या मुली रविवारी पार्कातल्या मोठ्या टेकडीवर जमतात हे तिला कळलं आणि तिने तोच एक हट्ट धरला. मास्तरांनी मान हलवली, "उतार फार आहे." म्हटलं, तुम्ही नका येऊ, आम्ही जातो. तर आलेच! सोबत नारळ आणि हळदकुंकू. नव्या स्लेडची पूजा झाल्याशिवाय पोरीला खाली सोडायचं नाही, म्हणे.

वर रेवाच्या वर्गातल्या मुली उभ्याच होत्या. त्यांच्यादेखत या माणसाने जांभळ्या प्लास्टिकच्या स्लेडला कुंकू लावलं. रेवा माझ्या कोटात तोंड खुपसून पुटपुटली, "आई, प्लीज, कॅन वी जस्ट गो होम?" मला त्यांचा गळाच धरावासा वाटला.

मग नारळ. चहूकडे गुडघाभर बर्फ, फोडणार कशावर? गावभरच्या टेकड्या तपासणाऱ्याला एवढं सुचलं नव्हतं. त्यांनी नारळ आपटला, तो गपकन आत रुतला. उकरून पुन्हा आपटला, पुन्हा रुतला. मग जाड ग्लोव्हमधून निसटला आणि लागला उताराला. "अहो धरा, धरा!" करत मास्तर पुढे झाले, पाय सटकला, आणि फुगीर जॅकेटसकट बसल्या बैठकीला नारळामागून निघाले.

कोणीतरी किंचाळलं, "गेट द कोकोनट!" साऱ्या पोरींनी स्लेडवर उड्या टाकल्या. सगळ्यांत पुढे जांभळी स्लेड होती. मी धापा टाकत खाली पोचले, तर रेवा नारळ डोक्यावर धरून नाचत होती आणि पोरी तिच्याभोवती. मास्तर बाजूला बसून टोपीतला बर्फ झटकत होते. "बघा वहिनी," ते म्हणाले, "मी सांगत होतो ना, उतार फार आहे."

सोमवारी शाळा सुटल्यावर रेवाच्या दोन्ही बाजूंना एकेक मुलगी होती. "इज द कोकोनट मॅन कमिंग नेक्स्ट वीक?" त्यांनी मला विचारलं.

पुढे मास्तर नोकरीसाठी मार्कहॅमला गेले. निरोप घेतानाही दारात उभं राहून त्यांनी विंटर टायर्सवर प्रवचन झोडलं. सुटले एकदाची, असं मला झालं. रेवा मात्र खिडकीशी जाऊन रडली.

आता ती हायस्कूलात आहे. पहिला बर्फ पडला की अजून सांगते, "आई, ग्रोसरीत गेलीस की नारळ आण." तो कोणी फोडत नाही. उतारावर सोडून देतात आणि सगळ्या त्याच्यामागे सुटतात. तिच्या मैत्रिणींना वाटतं, मराठी लोक पिढ्यान्‌पिढ्या असंच करत आलेत. मीही ती समजूत तशीच राहू देते. एक नारळ धड फोडता आला नाही त्या माणसाला. पण त्या रविवारनंतर माझी पोर कधी भिंतीला टेकून उभी राहिली नाही.