मावशीची सही

त्या पालकसभेला आया जास्त आल्या होत्या आणि बाप थोडे. नशिराबादला मी ज्या शाळेत शिकवते तिथे एरवी उलटं असतं. निकालाला बाप येतात, आया घरी असतात. पण त्या दिवशीचा विषय मुलींच्या लसीचा आहे, एवढं गावात पोचलं होतं.

मुख्याध्यापकांनी आदल्या दिवशी आरोग्य खात्याचं पत्र माझ्या हातात दिलं. "बाई, हे तुम्हीच सांगा. आम्हा पुरुषांना ते जमायचं नाही." मी भूगोल शिकवते. वारे, नद्या, काळी माती. पण नववीच्या वर्गाची वर्गशिक्षिका मी, आणि बाई होते, म्हणून ते माझं काम.

मी सांगितलं. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग असतो, तो एका विषाणूमुळे होतो, मुलगी लहान असतानाच लस दिली तर पुढे त्याचा धोका खूप कमी होतो. 'गर्भाशय' हा शब्द म्हणताना माझी नजर खिडकीकडे गेली. बायकांनी पदर सावरले. मग मागच्या बाकावरून एक बाप उभा राहिला. रागात नव्हता, अगदी साधेपणाने म्हणाला, "बाई, तुमच्या पोरीले दिली का?"

माझी मुलगी तेव्हा चौदाची होती, जळगावात दुसऱ्या शाळेत. तिच्याही शाळेतून संमतीचा फॉर्म आला होता. तो आठ दिवस जळगावातल्या आमच्या पिंप्राळ्याच्या घरात फ्रिजवर पडून होता, कोरा.

"देणार आहोत," मी म्हणाले.

"मंग तुमी देल्यावर आमी देऊ," तो म्हणाला आणि खाली बसला. बायका हसल्या. मीही हसले. स्कूटीवरून घरी येताना हायवेवर ट्रकच्या मागे मागे येत होते आणि कान तापलेले होते.

खरं तर त्या सभेत एक गोष्ट मी सांगायला हवी होती. ती माझ्या तोंडून निघाली नाही. माझी थोरली बहीण, आमची अक्का, त्याच आजाराने धुळ्याला दवाखान्याच्या फेऱ्या मारत होती.

अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. धुळ्याजवळच्या एका गावात दिलेली. शेत, गोठा, सासू आणि एकुलती एक मुलगी. माझी मुलगी आणि तिची मुलगी चार महिन्यांच्या अंतराने जन्मल्या. अक्काला वर्षभर अंगावरून जात होतं. पाळी जायच्या वयात असं होतं, असं तिनेच ठरवून टाकलं. कपडे पहाटे वेगळे धुवायची, कुणाला दिसू नयेत म्हणून. कंबर धरायची तेव्हा कपाशी वेचून धरली म्हणायची. निदान झालं तेव्हा आजार पुढे गेलेला होता. मी रडत विचारलं, "अक्का, मला तरी सांगायचं होतंस." ती म्हणाली, "मले वाटनं, वय व्हयनं म्हनीसन व्हत आसी. आनि हाई सांगानी गोट शे का, बाई?"

मी शिकलेली, नोकरी करणारी, दर आठवड्याला तिच्याशी फोनवर बोलणारी. कपाशी किती झाली, म्हैस व्याली का, पोर काय म्हणते, सगळं विचारायचे. हे कधी विचारलं नाही.

तर लसीबद्दल माझ्या मनात काही शंका नव्हती. शंका मिस्टरांच्या मनात होती, आणि त्यांना मी दोष देऊ शकत नव्हते.

मुलगी दीड वर्षाची असताना एक लस दिल्यावर तिला संध्याकाळी ताप भरला आणि आकडी आली. डोळे फिरले, ओठ निळे पडले. मी किंचाळत उभी राहिले. मिस्टर तिला उचलून अनवाणी पळाले, चौकापर्यंत, तिथून रिक्षात. डॉक्टरांनी सांगितलं की तापातली आकडी होती, काळजी नाही. ती पुन्हा कधी आली नाही. पण तेव्हापासून इंजेक्शनचं नाव निघालं की मिस्टर घरातल्या घरात फेऱ्या मारायला लागतात. वरून त्यांच्या मोबाइलवर कुणीतरी व्हिडिओ पाठवलेला. कुठल्या तरी शाळेत मुली जमिनीवर पडलेल्या, आणि खाली लिहिलेलं की लसीने मूल होत नाही.

"हे खोटं आहे," मी म्हणाले.

"असेल खोटं. पण खरं असलं तर?"

"आणि अक्काला झालं ते? ते तर खरंच आहे ना."

ते हळू आवाजात म्हणाले, "तुला तीस वर्षांनंतरचं दिसतंय. मला त्या दिवशीची संध्याकाळ दिसते. मी काय करू?"

मी डॉक्टरांची वेळ घेतली.

आम्ही दोघं डॉक्टरांकडे गेलो. तेच बालरोगतज्ज्ञ, ज्यांनी तेव्हा तिला पाहिलं होतं. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं. लहानपणी तापात आकडी येऊन गेली हे लस न देण्याचं कारण नाही, म्हणाले. दंड दुखेल, थोडा ताप येऊ शकतो, काही मुली घाबरून चक्कर येऊन पडतात, म्हणून अर्धा तास बसवून ठेवतात. मूल न होण्याचा आणि तिचा काही संबंध नाही.

मिस्टरांनी विचारलं, "म्हणजे काहीच होणार नाही, असं तुम्ही लिहून द्याल?"

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "लिहून मी तापाच्या गोळीबद्दलही देणार नाही. माझी मुलगी असती तर मी दिली असती. पण सही तुमची लागते."

मला वाटत होतं, डॉक्टर रागावतील, हुकूम सोडतील आणि आमच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. ते उतरलं नाही. बाहेर येऊन आम्ही दोघं गाडीजवळ उभे राहिलो, किल्ली कुणाकडे आहे हेही आठवेना.

त्याच आठवड्यात मी धुळ्याला गेले. अक्काला तेव्हा लाइट देणं चालू होतं. रेडिएशनला तिकडे सगळे लाइट देणंच म्हणतात. ती बाकावर बसलेली होती, हातात फाइल. दाजी, म्हणजे तिचे मिस्टर, रोज गावाहून तिला मोटारसायकलवर आणायचे. बसताना टोचू नये म्हणून सीटवर घडी घातलेली गोधडी बांधलेली. एवढं करणारा माणूस.

ते पाणी आणायला गेले तेव्हा अक्काने माझा हात धरला. मी शाळेतल्या लसीचं तिला फोनवर सांगितलं होतं. "ती सुई," ती म्हणाली, "मन्ही पोरले बी टोची आन ना."

"दाजींशी बोललीस?"

"तू बोल. तुन्ह ऐकतीन."

मी बोलले. दवाखान्याच्या आवारातच, चहाच्या टपरीजवळ. दाजींनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये तोडलं नाही. मग म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या. तुमचं चूक आहे असं मी म्हणत नाही. पण आमच्या गावात कुणीच घेतली नाही. आमच्याच पोरीने घेतली तर लोक काय म्हणतील? आईला झालं म्हणून पोरीलाही काहीतरी असेल. उद्या सोयरीक करायला कोण येईल? घरात एक आजार आहे तेवढा पुरे. तिचं नाव आत्तापासून त्याच्याशी जोडू नका."

"दाजी, तिच्या आईचीच इच्छा आहे."

"तिला आता सगळ्याचंच भ्या वाटतं," ते म्हणाले. "ती तर पोरीला पावसात सुद्धा जाऊ देत नाही."

मी पुढे बोलले. पुष्कळ बोलले. वर्गात जसं समजावते तसं, पुन्हा पुन्हा. ते मान हलवत राहिले आणि मला कळत होतं की ही मान हो म्हणणारी नाही, पाहुणीचा मान ठेवणारी आहे. अक्काकडे परत आलो तेव्हा तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि फाइल उचलली.

घरी आल्यावर मी मिस्टरांना हे जसंच्या तसं सांगितलं. मुलगी आतून आली. तिने ऐकलं असावं, कारण तिने सरळ विचारलं, "मम्मी, मावशीला झालं ते मलाही होणार का?"

"नाही गं," मी म्हणाले.

"मग लस कशाला?"

उत्तर मिस्टरांनी दिलं. "होऊ नये म्हणून," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "तू घेऊन जा हिला. मला तिथे थांबायला लावू नकोस."

सही मी केली. शनिवारी तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिने डोळे मिटले, सुई टोचली, झालं. इतक्या दिवसांच्या भांडणानंतर तेवढाच वेळ लागला. आम्ही बाकावर अर्धा तास बसलो. मी दर मिनिटाला तिच्या ओठांकडे बघत होते. दाराशी कुणीतरी उभं होतं. मिस्टर होते. आपल्या दुकानाचं शटर अर्धं ओढून आले होते. आत आले नाहीत, बाहेरही गेले नाहीत. तिला रात्री थोडी कणकण आली, दुसऱ्या दिवशी दंड दुखला, सोमवारी शाळेत गेली.

नशिराबादला त्या बापाला मी निरोप दिला की माझ्या मुलीने घेतली. त्याने खरोखरच फॉर्म आणून दिला, अंगठ्याच्या ठशाजवळ शाई सांडलेला. अजून काही आले. वर्गातल्या निम्म्याहून कमी मुलींचे. बाकीच्यांच्या घरी मी जाऊन आले. कुठे आजी नको म्हणाली, कुठे दाराला कुलूप होतं.

दिवाळीच्या सुट्टीत भाची आमच्याकडे राहायला आली. अक्काने मुद्दाम पाठवली होती, हे मला फोनवर तिच्या आवाजावरून कळलं. ती म्हणाली, "चार दिन ठेव तिले. काय ते पाही ले."

मी तीन दिवस विचार केला. चौथ्या दिवशी भाचीला सांगितलं आणि तिला त्याच दवाखान्यात घेऊन गेले. मिस्टरांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "दुसऱ्याची पोर आहे. काही झालं तर?" पण अडवलं नाही.

तिथे सिस्टरने फॉर्म पुढे केला. "आई का तुम्ही?"

"मावशी."

"मावशीची सही नाही चालत, मॅडम. आई किंवा वडील."

मी म्हणाले की आई आजारी आहे, फोन लावून देते. सिस्टर चांगली होती. ती म्हणाली, "फॉर्म घरी न्या, सही करून आणा, मी तुमच्यासाठी थांबते." मी बाजूला येऊन बसले. पेन माझ्या हातात होतं. अक्काची सही मला येते. लहानपणी तिच्या वहीवर मी ती गिरवून गिरवून शिकले होते. आणि ही सही तर तिला हवीच होती.

भाचीने माझा हात धरला. "मावशी," ती म्हणाली, "पप्पांना कळलं तर ते तुम्हाला काही नाही म्हणणार. मम्मीला बोलतील. आता नको बोलायला तिला कुणी."

चौदा वर्षांची पोर. मी पेन पर्समध्ये ठेवलं. आम्ही रिक्षाने परत आलो. मी तिला ड्रेस घेऊन दिला, दोघी बहिणींना सारखाच. अक्काचा संध्याकाळी फोन आला. मी म्हणाले, "जमलं नाही अक्का." ती म्हणाली, "बरं." नंतर म्हणाली, "जेवनात का पोरी?"

अक्का फाल्गुनात गेली. शेवटी तिला फार दुखायचं, त्याबद्दल मी लिहिणार नाही.

दहाव्याला नदीवरून परतताना दाजी माझ्या मिस्टरांबरोबर चालत होते. मी मागे. अचानक ते थांबले आणि मागे वळून मला म्हणाले, "तुमच्या पोरीला काही त्रास झाला का, त्या सुईने?"

"नाही दाजी. एक दिवस हात दुखला, बस."

"हं," ते म्हणाले. पुढे चालायला लागले.

त्या एका 'हं'वर मी किती दिवस काढले. महिन्याने फोन केला, ते म्हणाले, पाहू. वर्षश्राद्ध होऊ द्या, म्हणाले. मग पेरण्या होऊ द्या. भाचीला सोळावं लागलं. उशीर झालेला नाही, अजून देता येते, असं आमचे डॉक्टर सांगतात. मी तेही दाजींना सांगितलं. ते कधीच नाही म्हणत नाहीत. नाही म्हणाले असते तर मी भांडले असते.

भाची रविवारी फोन करते. आता स्वयंपाक ती करते. परवा विचारत होती, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीला पीठ किती गरम पाण्यात भिजवायचं. मी सांगितलं. तिने लिहून घेतलं. मागे दाजींचा आवाज येत होता, कुणाशी तरी बियाण्याचं बोलत होते. ती म्हणाली, "पप्पांना देऊ का फोन?"

"नको," मी म्हणाले. "कामात आहेत ते." आणि फोन ठेवला.