बैलाचा जबाब

माझ्या अंगावर फौजदाराची वर्दी चढली ती थोरल्या बहिणीमुळं, आक्कामुळं. निपाणीत विड्या वळून तिनं मला बी.ए. केलं. बेळगावच्या नोकरीतलं ते बैलचोरीचं प्रकरण मनात आलं, की आधी तीच डोळ्यांपुढं येते.

त्या काळी आमच्याकडची तंबाखू, गूळ, मिरची बैलगाड्यांनी आंबोली घाट उतरून वेंगुर्ल्याच्या बंदरात जायची. परतीला मीठ, नारळ, सुकी मासळी यायची. पाऊस लागला की गलबतं थांबत आणि गाडीवानांची कमाईही. अशाच हंगामाच्या शेवटी एका म्हाताऱ्या गाडीवानाचा बैल चोरीला गेला. फिर्याद देताना तो म्हणाला, "सायेब, जोड मोडली. ऱ्हायलेला चाऱ्याला तोंड लावीना. पावसाआधी खेपा न्हाय झाल्या तर वरीसभर खायाचं काय?"

काही दिवसांनी एका नालबंदानं खबर दिली. जनावरांच्या एका दलालानं धडधाकट बैलाचे चांगले नाल त्याच्याकडून उपटून घेतले होते. नाल असतात रस्त्यावर चालणाऱ्या बैलाला. ते लपवायची घाई कशाला?

दलालाला दोन बैलांसह ठाण्यात आणलं, म्हाताऱ्यालाही बोलावलं. संशयित बैलाची शिंगं तासून रंगवलेली, खुणा पटेनात. चौकशीत दलाल एकच धरून बसला, "घरच्या गाईचा हाय, सायेब. घाट बघितलाबी न्हाय त्यानं." म्हाताऱ्याच्या हाकेला बैल सरकला, तर दलाल हसला, "गोंजारलं की कुणाकडंबी जातंय जनावर."

मला आमची गल्ली आठवली. घाटमाथ्यावर देवीपुढं नारळ फोडून गाडीवान पहिलं खोबरं बैलांना देत. ते बैल गल्लीत आले, की आक्कानं नारळ फोडल्याच्या आवाजासरशी दारात थबकत. ती आपल्या वाटणीचा तुकडा त्यांना भरवी.

मी नारळ मागवला. हवालदार गालात हसले, "आता बैलाचा जबाब घ्यायचा काय, सायेब?"

"व्हय, घ्यायचा."

पायरीवर नारळ फुटला. दुसऱ्या बैलानं खोबरं हुंगून तोंड फिरवलं. यानं मात्र आवाजालाच मान ताणली, दाव्याला हिसका दिला आणि माझ्या हातातला तुकडा जिभेनं ओढून घेतला.

"घाट न बघितलेल्याला ही गोडी कुणी लावली रं?" मी विचारलं.

दलालानं चोरी कबूल केली. म्हातारा बैलाच्या गळ्याला मिठी मारून रडत होता. पुढं मॅजिस्ट्रेटच्या हुकुमानं बैल त्याच्या ताब्यात दिला, त्या दिवशी मी आक्काला पत्र टाकलं:

"ती. आक्कास शि. सा. न.
म्हाताऱ्याची गाडी आज घाटाकडं निघाली. पावसाला अजून थोडे दिवस आहेत. शिंगं रंगवली तरी भरवणारा हात जनावर विसरत नाही, हे या कामात शिकलो. तू तुझा तुकडा बैलांना दिलास की मी रुसायचो. मग तू माझा तुकडा मोठा करायचीस. तुझ्या हातात काय उरायचं, हे तेव्हा मी पाहिलंच नाही. रजा मिळताच येतो. नारळ मी आणीन, मीच फोडीन. या वेळी तू आधी खायचंस, माझ्यासमोर."