ग्रासियास म्हणायचं नाही

आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांनी एल्डर टोलमनची पँट चार वेळा फाडली आणि चारही वेळा ती मीच शिवली. आमच्याकडे पाहुण्याने फाटकाबाहेर उभं राहून टाळ्या वाजवायच्या, घरच्यांनी कुत्रं बांधायचं आणि मग 'या' म्हणायचं. हा पठ्ठ्या फाटक ढकलून सरळ आत शिरायचा आणि दार ठोठावायचा. यात कुत्र्यांचं काय चुकलं?

एल्डर म्हणजे म्हणे वडीलधारा. वडीलधाऱ्याचं वय एकोणीस, ओठांवर धड मिशी नाही, उन्हाने कान सोललेले. पांढरा सदरा, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी. त्या मॉर्मन लोकांत रीतच आहे. पोरगं हाताशी आलं की दोन वर्षं परमुलखात जायचं आणि दारोदार आपला धर्म सांगायचा. याच्या बापाची आयडाहोत बटाट्याची शेती. दोघे थोरले भाऊ जाऊन आले होते, आता याची पाळी. घरी फोन वर्षातून दोनदा, बाकी पत्रं. बरोबर कायम एक जोडीदार. याचा जोडीदार पेरूचा, एल्डर आपासा. मुलगा सालस, पण पोटाचा नाजूक. काहीही पुढे केलं की पोटावर हात ठेवून मान हलवायचा.

आमचं काआसापा म्हणजे दुपारी बारा ते तीन सगळं गाव आडवं. नेमके तेव्हाच हे दोघे लाल धुरळ्यातून पाय ओढत हिंडायचे. कोपऱ्यावरचा न्हावी तर घरातूनच ओरडायचा, "घरात कोणी नाही!" एल्डर टोलमन बाहेरून अदबीने म्हणायचा, "बरं, उद्या येतो!" आणि दुसऱ्या दिवशी खरंच यायचा.

माझा नवरा एलादिओ त्याला भेटला की सोडत नसे.

"कॉफी नाही?"

"नाही."

"चहा?"

"नाही."

"दारू? सिगारेट? पोरी?"

"नाही, डॉन एलादिओ."

"अरे, मग आमच्यात येऊन तू आम्हाला काय शिकवणार? आम्हीच तुला काहीतरी शिकवायला पाहिजे!"

पोरगं हसायचं. अर्धं कळायचं, अर्धं नाही, पण हसायचं पूर्ण.

तेरेरे मात्र त्यांच्या धर्मात चालायचा. संध्याकाळी आमच्या आंब्याखाली घोळका जमतो. शिंगाचा पेला एकच. त्यात हिरवा पाला, वरून बर्फाचं पाणी, आणि नळीने ओढायचं. पेला भरायचं काम माझं. एकाने संपवून परत दिला की भरून पुढच्याला. ज्याला पुरे झालं त्याने पेला परत देताना 'ग्रासियास' म्हणायचं. ते म्हटलं की त्याला पुन्हा विचारायचं नाही. जबरदस्ती कशाला?

एल्डर टोलमनने पहिल्या दिवशी पेला संपवला, दोन्ही हातांनी मला दिला आणि मान लववून म्हणाला, "ग्रासियास!" मनात म्हटलं, नाही रुचलं बिचाऱ्याला. दुसऱ्यांदा आला, तेच. दहाव्यांदा आला, तेच. एक पेला, गोड हसू, ग्रासियास.

"गोऱ्याचं नाक बघ केवढं," एलादिओ म्हणाला. "आपला पाला त्याला कडू लागतो. पहिला घेतो तो उपकार म्हणून."

मलाही राग आला होता, खोटं कशाला बोलू? पुन्हा पुन्हा पँट शिवून घेतो आणि तेरेरेला नाक मुरडतो! गल्लीतही तेच बोलणं झालं. पोरगा शिष्ट आहे, त्याच्याशी फार बोलायला जाऊ नका.

चौथ्यांदा पँट आणून दिली तेव्हा त्याला येऊन चार महिने झाले होते. मला तो आदराने दोन्या सेवे म्हणायचा, म्हणजे सेवेबाई.

"दोन्या सेवे, माझा पँट पुन्हा मेली. कुत्रीने नाश्ता केला."

"शुक्रवारी ये न्यायला."

बुधवारीच आला. सकाळी दहाची वेळ, मी मशीनवर, एलादिओ शेजारी सायकलची साखळी घासत बसलेला. आपासा फाटकाशी सावलीत उभा राहिला. टोलमनचे डोळे सुजलेले.

"पँट राहू द्या. शुक्रवारी बस आहे. मी राजधानीला, आसुन्सिओनला, मग घर."

"घर? दोन वर्षं झाली काय तुझी?"

"नाही. आमच्या साहेबांना चिठ्ठी लिहिली. मी जातो."

त्याने खिशातून आईचं पत्र काढून दाखवलं. गावच्या चर्चमध्ये भिंतीवर त्याचा फोटो लावलाय, येणारा-जाणारा त्याची चौकशी करतो, असं तिने लिहिलं होतं. अर्ध्यातून परतलेल्या पोराकडे तिथे लोक कसे बघतात, तेही त्याने सांगितलं. कोणी वाईट बोलत नाही. सगळे फार गोड बोलतात. त्या गोड बोलण्याचीच त्याला धास्ती होती.

"मग जातोस कशाला?" मी विचारलं.

"इथे मी कोणाला नको."

"कोण म्हणालं असं?"

"कोणी म्हणत नाही. सगळीकडे बसतो. पेला फिरतो. सगळ्यांना पाच वेळा, सहा वेळा. मला एक. मग माझ्यासमोरून जातो. मी हसतो, चांगलं बोलतो, तरी समोरून जातो. चार महिने! घरी कुत्र्यालासुद्धा आम्ही दोनदा विचारतो."

शिष्ट कसला, पोरगं तहानलेलं होतं. मी पेला भरून त्याच्या हातात दिला. त्याने एका दमात संपवला, दोन्ही हातांनी परत केला आणि नाक पुसत म्हणाला, "ग्रासियास."

मी एलादिओकडे बघितलं. एलादिओने माझ्याकडे बघितलं. त्याच्या हातून साखळी खाली पडली.

"अरे गाढवा," एलादिओ म्हणाला, "तूच नको म्हणतोस की!"

"मी? मी कधी?"

"एरवी ग्रासियास म्हणजे आभार, पण पेला देताना म्हणजे पुरे! बस! आता देऊ नका!"

मला हसू आवरेना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि त्यातलं निम्मं हसण्याचं नव्हतं. आम्ही त्याला शिष्ट समजलो, तो आम्हाला. फाटकाशी आपासाने पोटावरचा हात उचलून कपाळावर मारला. त्याने आजवर पेल्याला हातच लावला नव्हता, त्याला तरी कुठून कळणार?

"मग काय म्हणू?"

"काही नाही. गप परत दे."

"गप? दोन्या सेवे, माझी आई... पाणी दिलं तरी थँक यू म्हणायचं. नाही म्हटलं तर ताट उचलते ती."

"तुझी आई आयडाहोत. इथे मी. गप दे."

भरला, प्याला, परत देताना ओठ हललेच. "ग्रा..."

"ए!" एलादिओ गरजला.

त्याने स्वतःच्या तोंडावर हात दाबला. मी पुन्हा भरला. सकाळी दहा ते बारा पोरगं चौदा पेले प्यालं आणि चार वेळा परसात पळालं. परत येताना दर वेळी लाजायचं आणि दर वेळी हात पुढे करायचं.

टाळ्यांची रीतही आम्ही सांगून टाकली, आणि त्या संध्याकाळी तो गल्लीभर फिरला. फाटकाबाहेर उभा राहून टाळ्या वाजवायचा, बसायचा, पेला गपचूप परत करायचा. न्हाव्याने सात दिले आणि म्हणाला, "पोरगं सुधारलं!" शुक्रवारची बस त्याच्याशिवाय गेली. पँट मात्र मी शुक्रवारीच दिली, कबूल केलं होतं तशी.

पुढे सगळं गोडच झालं असं नाही. आमच्या गल्लीतून त्याच्या चर्चमध्ये एकही माणूस गेला नाही. मीही नाही. माझा संत आंतोनिओ फळीवर आहे तिथेच आहे. पोराला हगवण लागली, सायकल चोरीला गेली, आणि ज्या पोरीशी लग्न करायचं मनात होतं तिने दुसऱ्याशी केल्याचं पत्र आलं. त्या दिवशी आंब्याखाली कोणी धर्म काढला नाही की थट्टा केली नाही. पेला तेवढा त्याच्याकडे दोनदा जास्त फिरला.

मग त्याची बदली झाली. दोन वर्षं पुरी करून निरोपाला आला तेव्हा बोलणं आमच्यासारखं, शिव्या वगळून. बसजवळ मी शेवटचा पेला भरला. ड्रायव्हर भोंगा वाजवतोय, पोरगं रडतंय, पेला माझ्या हातात देताना तोंड उघडलं आणि मिटलं. एक शब्द न बोलता बसमध्ये चढला.

वर्षभराने एक परदेशी पत्र आलं. त्याच्या आईचं. नव्या आलेल्या एल्डरने वाचून दाखवलं. माझ्या मुलाला जीव लावलात, असं आधी पानभर लिहिलं होतं. आणि शेवटी: 'एक विचारते, राग मानू नका. इतका अदबशीर मुलगा पाठवला होता. आता जेवताना मी वाढते, तो ताट पुढे करतो आणि थँक यू म्हणत नाही. नुसता बघून हसतो. तुमच्याकडे हे काय शिकला?'

शुक्रवारच्या त्या बसचं तिला कधी कळलं नव्हतं. मीही कळू दिलं नाही. उत्तर एका ओळीचं लिहून घेतलं: 'बाई, म्हणजे त्याला अजून हवंय, वाढत राहा.'